अर्ज भरताना बायकोला शेजारी बसवा

प्रश्न थोडक्यात असा: "वय ३४. अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर नोकरी, हातात ५२ हजार येतात. पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलाय, २७ लाखांचं कर्ज बाकी. बायको ३० वर्षांची, घरीच असते. मुलगी चार वर्षांची. आईवडील निफाडजवळ गावी, थोडी द्राक्षबाग आहे. एक कोटीचा टर्म प्लॅन ऑनलाइन घ्यायचा विचार आहे. मावसभाऊ विमा एजंट आहे, तो म्हणतो ऑनलाइन पॉलिसीच्या क्लेमला कोणी उभं करत नाही. खरं आहे का? आणि तंबाखू अधूनमधून खातो, ते लिहावं लागतं का?"

तुम्ही तंबाखूचं शेवटी विचारलंत, मी तिथूनच सुरू करतो. हो, लिहावं लागतं. अधूनमधून असली तरी, मळून खाल्लेली असली तरी, मिसरी असली तरी. तुमच्या घरच्यांना पैसे मिळतील की नाही, हे पॉलिसी ऑनलाइन घेतली की ऑफलाइन यावर ठरत नाही. या असल्या एका ओळीत तुम्ही काय लिहिलंत यावर ठरतं.

नाशिकमध्ये मी २२ वर्षं विम्याचं काम करतोय. अलीकडची काही वर्षं तर नव्या पॉलिसीपेक्षा क्लेमच्या कागदांतच जास्त गेली. सिडकोतल्या एक ताई प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घालून माझ्याकडे आल्या होत्या. नवरा वर्कशॉपमध्ये कामाला. कंपनीच्या गेटसमोर चहाच्या सुट्टीत एका मित्राने त्याच्याच मोबाइलवर टर्मचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणाऱ्या विम्याचा, अर्ज भरून दिला होता. प्रश्न भराभर येत गेले, मित्र 'नाही, नाही, नाही' दाबत गेला. तंबाखू नाही, बीपी नाही, आधीचा आजार नाही. शेवटी ओटीपी आला, नवऱ्याने तो सांगितला आणि पॉलिसी निघाली. चौदा महिन्यांनी तोंडाच्या कॅन्सरने तो गेला. हॉस्पिटलच्या पहिल्याच केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं की रुग्ण बारा वर्षं तंबाखू खातो. क्लेम नाकारला गेला. पुढे दादही मागितली, पण अर्ज आणि केसपेपर शेजारी शेजारी ठेवल्यावर बोलायला काही उरलं नाही. "ते खोटं बोलणारे नव्हते हो," असं त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मला ते पटत होतं. त्या माणसाने तो अर्ज वाचलाच नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करा. ओटीपी सांगणं म्हणजे सही करणं. तो आकडा दिलात की अर्जातलं प्रत्येक उत्तर तुमचं झालं, मग बोट कोणाचंही असो.

मावसभाऊंनी सांगितलं त्यात अर्धं तथ्य आहे. कायद्यापुढे ऑनलाइन आणि ऑफलाइन पॉलिसी एकच. कंपनी तीच, विमा कायदा १९३८ तोच, नियामकही तोच. क्लेम नाकारायची मुभा कंपनीला जेवढी तिकडे तेवढीच इकडे. फरक एवढाच की क्लेमच्या वेळी घरी येऊन फॉर्म भरून देणारा, 'वहिनी, इथे सही करा' म्हणणारा माणूस ऑनलाइनमध्ये नसतो. चांगला एजंट ते काम करतो आणि त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. मात्र ते काम आधीच थोडी तयारी करून घरच्या घरी उभं करता येतं. ते कसं, हे पुढे सांगतो.

आधी रक्कम. एक कोटी ऐकायला मोठे वाटतात, म्हणून जरा मांडून बघू. तुम्ही नसताना घराला महिन्याला किती लागेल? हप्ता आणि तुमचा स्वतःचा खर्च बाजूला काढला तर वाणसामान, शाळा, दवाखाना, गावी पाठवायचे पैसे असं सगळं मिळून २८ हजार धरतो. म्हणजे वर्षाला ३ लाख ३६ हजार. एक कोटीतून कर्जाचे २७ लाख गेले, उरले ७३. मुलीच्या पुढच्या शिक्षणाला आजच्या भावाने २० लाख बाजूला ठेवले, उरले ५३. आता हे पैसे बँकेत ठेवून मिळणारं व्याज आणि दरवर्षीची महागाई साधारण सारखीच चालते असं धरा. मग हिशोब सोपा होतो, ५३ लाखांना ३.३६ ने भागायचं. पावणेसोळा वर्षं. त्या वेळी वहिनी ४६ वर्षांच्या असतील आणि पैसे संपलेले असतील. दीड कोटी घेतले तर हेच गणित तिसाहून थोड्या जास्त वर्षांवर जातं, म्हणजे त्यांच्या साठीपर्यंत. तुमच्या वयाला बऱ्याच कंपन्या वार्षिक उत्पन्नाच्या वीसपट किंवा त्याहूनही जास्त संरक्षण देतात. त्यामुळे दीड कोटी तुमच्या आवाक्यात आहेत. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. आधी टर्मच्या हप्त्यावर १८ टक्के लागत होता.

या रकमेवर मी जोर का देतो, तेही सांगतो. या धंद्यात नवीन असताना मी एका दोन मुलांच्या बापाला बचतीची पॉलिसी दिली होती. हप्ता भरभक्कम, विमा मात्र दोन लाखांचा. 'मुदतीला पैसे परत मिळतात' या एका वाक्यावर तो खूश होता आणि मीही. तो गेला तेव्हा क्लेम वेळेत आला, चेक मी स्वतः घरी नेऊन दिला. दोन वर्षांत ते पैसे संपले आणि थोरल्या मुलाने बारावी सोडून कामाला सुरुवात केली. कागदोपत्री त्या पॉलिसीत काहीच चुकलं नव्हतं. पण त्या घराला जे लागत होतं ते मी दिलं नव्हतं, आणि ते मला आजही आठवतं. म्हणून 'प्रीमियम परत मिळणारा टर्म' कोणी दाखवला तर तुम्ही साधा टर्मच घ्या. परत मिळणाऱ्या पैशासाठी हप्ता बराच वाढतो, आणि मग हप्ता झेपेना म्हणून माणूस रक्कम कमी करतो. मुदत साठीपर्यंत पुरे, म्हणजे २६ वर्षं. तोवर कर्ज फिटलेलं असेल आणि मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहिलेली असेल. ८५ किंवा ९९ वर्षांपर्यंतच्या मुदतीचे पैसे उगाच भरू नका.

फ्लॅटच्या कर्जासोबत बँकेने एखादी पॉलिसी गळ्यात घातली आहे का, तेही बघा. 'विम्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही' असं सांगतात, तशी कायद्याची सक्ती नाही. तिचा एकरकमी हप्ता बऱ्याचदा कर्जातच मिळवलेला असतो आणि विम्याची रक्कम कर्जाबरोबर कमी होत जाते. असली तर असू द्या, पण दीड कोटीच्या हिशोबात ती धरू नका. कंपनीतून पीएफ कापला जात असेल तर ईडीएलआय योजनेखाली नोकरीत असताना मृत्यू झाल्यास ७ लाखांपर्यंत विमा असतो. हेही घरी माहीत हवं. अंबड-सातपूरच्या कितीतरी घरांनी हे पैसे मागितलेलेच नाहीत, कारण असं काही असतं हे सांगणारं कोणी नव्हतं.

आता अर्ज. कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून जा, जाहिरातीच्या लिंकवरून जाऊ नका. तुलना करणाऱ्या ठिकाणी नंबर टाकलात की दिवसभर फोन येतील. त्या फोनवर कोणी 'सर, फक्त ओटीपी सांगा, बाकी मी भरतो' म्हणालं तर फोन ठेवा. कोणाच्याही वैयक्तिक खात्यात हप्ता भरायचा नाही. आणि आयआरडीएआयमधून, म्हणजे विमा नियामकाकडून बोलतोय, बोनस अडकलाय असं कोणी म्हणालं तर तो फसवणुकीचा फोन आहे. नियामक संस्था कोणालाही पॉलिसी विकत नाही.

रविवारी सकाळी निवांत बसा, मोबाइलऐवजी जमलं तर लॅपटॉपवर, आणि वहिनींना शेजारी बसवा. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाहीये. आपल्याला काय काय झालं होतं हे नवऱ्यापेक्षा बायकोला जास्त आठवतं. 'अहो, त्या वर्षी तुम्हाला कावीळ झाली होती ना', 'डॉक्टरांनी बीपीची गोळी तीन महिने दिली होती'. प्रत्येक 'हो' त्या ओळीत लिहा. कोरोनात दवाखान्यात दाखल होता तर ते, मेडिक्लेम वापरला असेल तर ते, वडिलांना साखर किंवा हृदयाचा त्रास असेल तर तेही. आधी कुठे अर्ज नाकारला गेला असेल तर तो मुळीच लपवू नका, कंपन्यांना आधीच्या अर्जांची पडताळणी करता येते. कामाच्या रकान्यात नुसतं 'खाजगी नोकरी' लिहू नका, मशीनवर काम करता हे लिहा.

तंबाखू लिहिल्यावर हप्ता वाढेल, कधी दीडपट, कधी त्याहूनही जास्त. वाईट वाटेल. पण रक्त-लघवीच्या तपासणीत तंबाखूचा अंश बहुतेकदा सापडतो, आणि तिथे सापडला नाही तरी पुढे कुठल्या तरी केसपेपरवर सापडतो. वाढीव हप्ता भरा आणि तंबाखू सोडा. वर्षभर पूर्ण बंद राहिली की खऱ्या 'नाही'च्या जोरावर नवी पॉलिसी मागा. नवी हातात आल्याशिवाय जुनी बंद करू नका. वैद्यकीय तपासणी नको म्हणून पळवाट शोधू नका. कंपनी घरी माणूस पाठवते किंवा लॅबमध्ये बोलावते, उपाशीपोटी जायचं एवढंच. तपासणी होऊन निघालेली पॉलिसी क्लेमच्या वेळी जास्त भक्कम उभी राहते, हा माझा अनुभव आहे.

कंपनी कोणती, हे तुम्ही विचारलेलं नाही आणि मी नाव सांगणारही नाही. क्लेम मंजुरीचं प्रमाण बघा, पण एका वर्षाचं नको, चार-पाच वर्षांचं बघा, आणि संख्येबरोबर रकमेचंही बघा. लहान क्लेम पटापट देऊन मोठे अडवले तर संख्येचं प्रमाण छान दिसतं, रकमेचं दिसत नाही. आणि नाशिकमध्ये शाखा आहे का ते बघा. वहिनींना उद्या कॉलेज रोडला किंवा शरणपूर रोडला रिक्षाने जाता आलं पाहिजे, मुंबईच्या नंबरवर ताटकळत बसायची वेळ येऊ नये.

पॉलिसी ईमेलवर आली की काम संपलं असं समजू नका. तिच्यासोबत तुमच्या अर्जाची प्रत असते, ती ओळीओळीने वाचा. काही चुकीचं छापलं असेल तर लगेच लेखी कळवा. पटलं नाही तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, काही खर्च कापून पैसे मिळतात. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला कोणत्याही कारणाने तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. काही लोक याचा अर्थ असा लावतात की तीन वर्षं तग धरली की खोटंही पचतं. पण त्या तीन वर्षांत माणूस जाणार नाही याची हमी कोण देणार? शिवाय पॉलिसी बंद पडून पुन्हा चालू केली तर ती तीन वर्षं नव्याने मोजली जातात.

बंद पडण्याचं आपल्या भागातलं एक नेहमीचं कारण सांगतो. अंबडची कंपनी सोडून माणूस सातपूरला किंवा सिन्नरला जातो, नवीन कंपनीचं पगार खातं दुसऱ्या बँकेत उघडतं, जुनं खातं रिकामं होतं. विम्याचा हप्ता जुन्या खात्यातून कापायला लावलेला असतो. संदेश येतात, पण कामाच्या गडबडीत कोण बघतो? मासिक हप्त्याला १५ दिवसांची सवलत असते, वार्षिकला ३० दिवसांची, त्यानंतर संरक्षण संपलं. म्हणून वार्षिक हप्ता ठेवा, तो दिवाळीच्या बोनसच्या आसपास येईल असा बघा, आणि नोकरी बदलली की पहिलं काम म्हणून खातं बदलून घ्या.

आता गावाकडची गोष्ट, कारण निफाड म्हटल्यावर ती आलीच. वडिलांच्या बागेसाठी सोसायटीचं, बँकेचं कर्ज असेल, त्याला तुम्ही जामीनदार असाल किंवा उद्या व्हाल. तुमच्या पश्चात देणेकऱ्यांची नजर विम्याच्या पैशावर जाऊ शकते. त्यासाठी १८७४ चा विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा आहे. ऑनलाइन अर्जात त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांची, 'एमडब्ल्यूपी' नावाची एक छोटी चौकट येते आणि बहुतेक लोक ती ओलांडून पुढे जातात. ती निवडलीत की पॉलिसी बायको आणि मुलांसाठीचा विश्वस्त निधी ठरते, देणेकऱ्यांना त्या पैशाला हात लावता येत नाही. विश्वस्त म्हणून भरवशाची व्यक्ती नेमा. मात्र ही निवड पॉलिसी घेतानाच करायची असते, नंतर जोडता येत नाही, आणि एकदा ठरलेली वाटणी सहसा बदलता येत नाही.

पण या कायद्याखाली आईवडील बसत नाहीत, आणि तुमचे आईवडील तुमच्यावर अवलंबून आहेत. म्हणून तुमच्या जागी मी असतो तर दीड कोटीचे दोन भाग केले असते. सव्वा कोटीची पॉलिसी एमडब्ल्यूपीखाली बायको आणि मुलीच्या नावे, आणि पंचवीस लाखांची दुसरी साधी, नॉमिनी आई. दुसऱ्या अर्जात पहिल्या पॉलिसीचा उल्लेख न विसरता करायचा. यामुळे दोन कागद सांभाळावे लागतील हे खरं. पण तेराव्यानंतर सासू-सुनेत पैशावरून आलेला दुरावा मी पाहिला आहे, आणि त्यापेक्षा हे कष्ट कितीतरी बरे. साध्या पॉलिसीत मुलगी नॉमिनी असेल तर ती सज्ञान होईपर्यंत तिच्या वतीने पैसे घेणारी व्यक्तीही नेमावी लागते.

वडिलांना टर्म आता मिळणं अवघड. त्यांच्यासाठी बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा योजना सुरू करा, ७० वर्षांपर्यंत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाख. त्यांच्या नावे सातबारा असेल तर राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे, तीही २ लाखांची. वहिनींसाठी पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजना, वर्षाला ४३६ रुपयांत २ लाख, आणि पुढे जमेल तेव्हा त्यांच्या नावे छोटा टर्म. त्या घरी असतात म्हणजे त्यांच्या कामाला किंमत नाही असं नाही. त्या नसल्या तर चार वर्षांच्या मुलीला सांभाळून तुम्ही तिसऱ्या शिफ्टला कसे जाल, याचा विचार करा.

आणि आता ती तयारी, जिच्यामुळे एजंट नसला तरी अडणार नाही. पॉलिसीची छापील प्रत काढा आणि एका फाइलमध्ये ठेवा. फाइलच्या पहिल्या पानावर तुमच्या हस्ताक्षरात मराठीत लिहा: कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, नाशिकच्या शाखेचा पत्ता, हेल्पलाइन, ईडीएलआयसाठी कंपनीत कोणाला भेटायचं. त्याखाली क्लेमला काय लागतं ते. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला, त्याच्या निदान दहा प्रती. दवाखान्याचे सगळे कागद. अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल. 'कशाला चिरफाड' म्हणून शवविच्छेदन टाळणाऱ्या घरांचे क्लेम लांबतात. चौकशीची गरज नसलेला क्लेम १५ दिवसांत आणि चौकशीचा ४५ दिवसांत निकाली काढायचा असा नियम आहे, हेही लिहा. वेळेत झालं नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग नियामकाचा १५५२५५ हा नंबर, मग विमा लोकपाल. नाशिकसाठी लोकपालांचं कार्यालय पुण्यात आहे, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. हे पान वहिनींच्या भावालाही दाखवून ठेवा.

फाइल नसली तर काय होतं, हे इंदिरानगरच्या एका घरात मी पाहिलं. पॉलिसी होती, पण ईमेलमध्ये. फोनला कुलूप, पासवर्ड कोणालाच माहीत नाही. 'काहीतरी घेतलं होतं असं म्हणाले होते' एवढंच बायकोला आठवत होतं. शेवटी बँकेचं दोन वर्षांचं विवरण काढून आम्ही ओळ न् ओळ तपासली आणि हप्त्याची एक नोंद सापडली, त्यावरून कंपनी कळली. क्लेम मिळाला. पण ते साडेचार महिने त्या घराने उसनवारीवर काढले.

अर्जाला बसण्याआधी आणखी एक काम करा, यात क्लेम फार अडकतात. वहिनींच्या आधारवर माहेरचं नाव आहे की सासरचं, ते बघा. पॅनवर काय आहे? बँकेत काय आहे? आपल्याकडे लग्नात नाव बदलतं आणि कागद जुन्याच नावाचे राहतात. अर्जात नॉमिनी एका नावाने, खातं दुसऱ्या नावाने, मग राजपत्र, प्रतिज्ञापत्र, सेतू कार्यालयाच्या फेऱ्या, आणि त्या फेऱ्या दुःखात बुडालेल्या बाईने मारायच्या. तिन्ही कागदांवर एकच नाव करून घ्या. त्यांचं स्वतःचं, एकटीचं बचत खातं नसेल तर ते उघडा, आणि त्याचं एटीएम त्यांना स्वतः वापरायला द्या. त्यानंतर अर्ज भरायला बसा.